तांड्याची पट्टी

मागायला मला कधी लाज वाटली नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत इतकी वर्षं काढल्यावर लाज वाटून चालतही नाही. शेलूबाजारच्या चौकात मी स्कुटीवरून उतरले, की तिथले कृषी केंद्राचे मालक मोबाइल कानाला लावतात. पलीकडे कुणी नसतं, हे त्यांनाही ठाऊक असतं आणि मलाही. मी बाकावर बसून राहते, पदरानं वारा घेते, गिऱ्हाइकांची ख्यालीखुशाली विचारते. शेवटी तेच हसतात आणि म्हणतात, "बोला मॅडम, आता काय पायजे शाळेले?" पाण्याची टाकी अशी आली, पहिलीच्या वर्गातल्या सतरंज्या अशा आल्या. घरी आमचे हे म्हणतात, की तू शिक्षिका झालीस म्हणून बरं, नाहीतर सगळा जिल्हा लुटला असतास.

देणारेही नाना परींचे भेटले. एकानं वर्गासाठी पंखा दिला आणि महिन्यातून एकदा तो फिरतो की नाही हे बघायला यायचा. एकानं कपाट दिलं, त्यावर आपल्या वडलांचं नाव इतकं मोठं रंगवून घेतलं, की पहिलीतली मुलं अक्षरओळख त्या कपाटावरच करू लागली. शिरपूरहून येताना एकदा बसमध्ये शेजारी एक म्हातारे यात्रेकरू बसले होते. मी सवयीप्रमाणे शाळेचं पुराण लावलं. उतरताना त्यांनी मुलांच्या दप्तरांची सोय करतो म्हणून सांगितलं, खरोखर केली, आणि नाव विचारलं तर हात जोडून निघून गेले. मला दोन्ही तऱ्हेचे लोक आवडतात. कपाटाला कपाट आहे, दप्तराला दप्तर. देणाऱ्याच्या मनात काय आहे हे तपासत बसलं तर शाळा चालायची नाही.

आता शाळेबद्दल. मानोऱ्याच्या पुढे एका तांड्याला लागून आमची शाळा आहे, आणि मी तिथली मुख्याध्यापिका. तांड्यातल्या घरांकडे थोडी थोडी जमीन आहे, सोयाबीन आणि तूर पिकते, पण त्यावर वर्ष निघत नाही. दिवाळी झाली, की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रक येतात, त्यांत भांडी, सरपण, कोंबड्या आणि लेकरं चढतात, आणि माझे वर्ग अर्धे रिकामे होतात. उरलेल्या मुलांना शिकवायला घेतलं, की आवाज भिंतींवर आपटून परत येतो. हा आवाज मला दरवर्षी नको नको होतो.

त्यातही एका मुलीसाठी माझा जीव तुटत होता. ती सातवीत होती. वर्गात सगळ्यात उंच, बोलायला कमी, आणि वाचायला बसली की हाक मारली तरी ऐकू जायचं नाही. आजवर ती आईबापांबरोबर जायची, तिकडच्या खोपीत धाकट्या भावाला सांभाळायची आणि होळीनंतर परत येऊन राहिलेला अभ्यास भरून काढायची. पण आता ती वयात येत होती. या वर्षी गेली तर आई उसात आणि ही चुलीपुढे, आणि पुढच्या वर्षी हिच्याच हातात कोयता. अशा मुली परत शाळेत आलेल्या मी पाहिलेल्या नाहीत. तिची आजी तांड्यातच राहायची, पण आजीला दिसत होतं कमी आणि घर एका टोकाला. तिथं तरणी होऊ लागलेली पोर ठेवायला तिची आई धजत नव्हती. "सोय झाली तं ठेवतो बाई," असं ती मला म्हणाली होती. तेवढ्यावर मी पदर खोचला.

सोय म्हणजे राहायच्या खोल्या, न्हाणीघर, कुंपण आणि रात्री सोबत राहणारी बाई. हे काही कृषी केंद्राच्या बाकावर बसून मिळणारं नव्हतं. मग कुणाच्या तरी ओळखीनं एका मोठ्या कंपनीपर्यंत पोचले. ती कंपनी काय बनवते ते मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. कसले तरी सुटे भाग बनवते आणि नफ्यातला काही वाटा समाजासाठी खर्च करते. त्यांचे एक साहेब पाहणीला आले. वय तिशीचं, बोलणं मऊ, पुण्याकडचं. उन्हात तांडाभर हिंडले, मुलांशी बोलले, न्हाणीघराचं दार कुठल्या बाजूला हवं हे मोठ्या मुलींना विचारा, असं मला आपणहून म्हणाले. तिथंच तो माणूस मला पटला.

त्यांचा एक नियम मात्र कडक होता. तांड्याकडून काहीही घ्यायचं नाही. पूर्वी कुठंतरी कंपनीच्या नावावर कुणी गावकऱ्यांकडून उकळलं होतं म्हणे. तेव्हापासून वरून हुकूम होता, की ज्यांच्यासाठी काम आहे त्यांच्यावर कसलाही भार पडता कामा नये. साहेब पाण्याची बाटलीसुद्धा स्वतःची आणायचे. चहा पाजायला मला त्यांच्याशी भांडावं लागायचं.

पावसाळाभर काम चाललं. दिवाळीच्या आधी खोल्या उभ्या राहिल्या. फरशी, पलंग, गाद्या, निळी पांघरुणं, तारांचं कुंपण, दाराला आतून कडी. मुलांसोबत राहायला मानोऱ्याची एक बाई ठरली, स्वयंपाकाला दुसरी. किराणा कंपनीनं नेमलेल्या दुकानातून बंद पाकिटांत येणार होता. मी त्या खोल्यांतून एकटीच फिरले आणि एका पलंगावर बसून थोडी रडले. आनंदानं रडायची सवय नाही मला, त्यामुळं नीट जमलंही नाही.

मग तांड्यात बैठक घेतली. सगळं समजावून सांगितलं, आणि विचारलं की कुणाकुणाची लेकरं राहणार ते सांगा. कुणी जमिनीवर काडीनं रेघा ओढतंय, कुणी बिडी शोधतंय. त्या मुलीच्या आईकडे बघितलं तर तिनं मान फिरवली. माझं डोकं फिरलं. मी तापट आहे हे तालुक्याला माहीत आहे. मी म्हटलं, तुमच्या पोरांसाठी मी दारोदार फिरले, त्या माणसानं इतकं करून दिलं, आणि तुम्ही तोंड उघडत नाही? बोलून चप्पल घातली आणि निघाले.

तांड्याचा नायक, म्हणजे तिथला वडीलधारा मानाचा माणूस, माझ्यामागं शाळेपर्यंत चालत आला. पायरीवर बसला. आपसात त्यांची गोरमाटी ही बंजारा बोली चालते, पण माझ्याशी ते वऱ्हाडीत बोलतात.

"बाई, राग नका धरू," तो म्हणाला. "खोल्या झकास हायेत. पण त्याच्यात आमची पट्टी कुठं हाये?"

"पट्टी कशाला? फुकट आहे सगळं."

"तेच तं सांगून राह्यलो."

मग त्यानं मला सांगितलं. इतकी वर्षं मी त्यांच्यात वावरले, लग्नात जेवले, पण हे कधी माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तांड्यात काही सामाईक निघालं, लग्न असो, देवाचं असो, विहिरीचा गाळ काढायचा असो, की घरटी पट्टी पडते. पट्टी म्हणजे पैसाच असं नाही. कुणी ज्वारी देतं, कुणी डाळ, ज्या घरात काहीच नाही ते घर सरपणाची मोळी आणून टाकतं. किती दिलं हे कुणी बघत नाही, पण दिलं पाहिजे. दिलं की त्या घराची माणसं पंगतीला ताठ बसतात. ज्या घराची पट्टी नाही ते घर आपणहून पंगतीला येत नाही, कितीही बोलवा.

"आमी मोठे मानसं उपाशी राहू एक येळ," नायक म्हणाला. "पण लेकरं चार महिने लोकाईच्या अन्नावर कशे ठेवाचे? उद्या कोनी म्हनन, टाकून गेले. लेकराले बी तसंच वाटन."

मला हे ऐकून राग यायला हवा होता, कारण ट्रक यायला फार दिवस उरले नव्हते. पण राग आला नाही. उलट मला हलकं वाटलं. माणसं नाही म्हणत नव्हती, आम्हालाही देऊ द्या म्हणत होती. आणि मागणं तर माझं रोजचं काम. मी म्हटलं, "मग आणा की पट्टी. अडवलंय कुणी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. ज्वारीची पोती, डब्यांतून तूरडाळ, मिरच्या, कांदे, शेंगदाण्याचं गाठोडं, आणि भिंतीला लावून ठेवलेल्या मोळ्या. ज्वारी हल्ली आमच्याकडे कमीच पेरतात, म्हणजे घरच्या खायच्यातली काढून आणलेली. त्या मुलीची आजी स्वतः एका गाठोड्यावर बसून होती, जणू कुणी पळवून नेईल. मी खूश होऊन सगळ्यांना चहा केला.

दुपारी साहेब आले. व्हरांडा बघून त्यांचा चेहरा उतरला. "मॅडम, हे काय? हे चालणार नाही." मी पट्टीचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान डोलावली, बाजूला जाऊन वर फोन लावला. परत आले ते आणखीच पडलेल्या चेहऱ्यानं. लाभार्थ्यांकडून कुठलीही वस्तू घ्यायची नाही म्हणजे नाही. त्यातून मुलांच्या जेवणात बाहेरचं धान्य मुळीच नको. सगळं आजच परत करा, असा निरोप होता.

दिलेली पट्टी परत. नायकानं डोक्याचं मुंडासं सोडलं आणि पुन्हा बांधलं. बायका उठून उभ्या राहिल्या. त्या मुलीची आई माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मंग मी पोरीचे कपडे बांधतो बाई."

तिचं ते वाक्य मला सहन झालं नाही. मी साहेबांवर तोंड सोडलं. म्हटलं, तुमचं देणं तेवढं दान, आणि यांचं देणं म्हणजे नियमभंग का? तुमच्या कंपनीला नुसतं वरून खाली टाकता येतं, खालून आलेलं हातात घेता येत नाही? आणखीही बरंच बोलले, ते इथं लिहिण्यासारखं नाही. साहेबांनी ऐकून घेतलं. खुर्चीवर बसले, मी मघाशी ठेवलेला, गार झालेला चहा पहिल्यांदाच न सांगता उचलला आणि पिऊन टाकला.

"मॅडम, मला कळतंय," ते म्हणाले. "पण माझ्या हातात नाही. वस्तू नाहीच घेता येत. श्रमदान असतं तर गोष्ट वेगळी. श्रमदान तर आमच्याकडे फार आवडतं. त्याचे फोटो वर पाठवायचे असतात."

हे ते माझ्याशी बोलत होते, पण ऐकणारी दुसरीच होती. आजीला दिसत कमी असलं तरी कान शाबूत होते. तिनं गाठोड्यावरूनच विचारलं, "शरमदान मंजे काय वं बाई?"

"म्हणजे पैसा नाही, धान्य नाही, नुसतं हातानं काम करायचं," मी म्हटलं. डोकं अजून तापलेलंच होतं, त्यामुळं जरा वसकनच म्हटलं.

"हातानं चालते?" तिनं साहेबांना विचारलं.

"चालतं आजी. हातानं कितीही करा."

आजी उठली. बाकीच्या म्हाताऱ्यांशी त्यांच्या बोलीत काहीतरी बोलली. त्या हसल्या. मग ज्याचं त्यानं आपलं पोतं, आपला डबा उचलला आणि सगळे तांड्याकडे निघून गेले. मला वाटलं, संपलं. घरी येऊन मी भांडी आपटली. आमच्या ह्यांनी जेवायला वाढलं आणि बाहेर जाऊन बसले. त्यांना माझी सवय आहे.

सकाळी शाळेत पोचले तर नव्या स्वयंपाकघरातून धूर. म्हणजे त्याच्या मागच्या बाजूला तीन दगड मांडून चूल पेटलेली, तव्यावर भाकर, आणि भोवती तांड्यातल्या आज्यांचा घोळका. गॅस, शेगडी, बंद पाकिटं आत शिस्तीत पडून होती. स्वयंपाकाला ठरलेली बाई आत नव्या शेगडीवर पहिल्यांदाच वांग्याची भाजी करून बघत होती आणि मधून मधून बाहेर येऊन भाकरीच्या फुगण्याकडे कौतुकानं बघत होती. त्या मुलीची आजी परातीत पीठ मळत होती. पिठाची पिशवी तिनं मांडीखाली दडवलेली होती, पण नीट दडली नव्हती.

साहेब त्या दिवशी खोल्यांचं शेवटचं काम बघायला थांबलेले होते. ते आले. बघत राहिले.

"आजी, हे काय चाललंय?"

"शरमदान," आजी म्हणाली. हात थांबला नाही.

"ते बरं आहे. पण पीठ कुठून आलं?"

आजीनं दोन्ही हात वर केले. कोपरापर्यंत पांढरे. "पीठ कायचं आनतो बापू, नियम हाये ना तुमचा. हे तं हाताले लागून आलं. आता हात तं धुऊन नाई ना टाकता येत, भाकर कशी होईन मंग?"

साहेब हसायला लागले. आधी तोंडावर हात धरून, मग मोकळेपणी. हसता हसता ते चुलीपाशी उकिडवे बसले. आजीनं तव्यावरची भाकर त्यांच्या हातावर ठेवली, वर मिरचीचा ठेचा, आणि त्यांनी ती खाल्ली. बाटलीतलं पाणी गाडीत राहिलं होतं, म्हणून रांजणातलं प्यायले. मग फोन काढून आज्यांचे फोटो घेतले. पुढं ते कुठंतरी छापून आले असं त्यांनी कळवलं, खाली 'ग्रामस्थांचं उत्स्फूर्त श्रमदान' असं लिहून. फोटोत पिठाची पिशवी दिसते. वरच्या कुणी ती पाहिली नसेल, किंवा पाहून सोडून दिली असेल. मी दुसरी शक्यता धरून चालते, कारण मला माणसांबद्दल बरं वाटून घ्यायला आवडतं.

एकदा वाट सापडल्यावर तांडा थांबतो का. आज्यांनी पाळ्या लावल्या. जिची पाळी ती आपल्या घरच्या पिठानं माखलेले हात घेऊन येणार. ज्यांच्या घरी म्हातारी नाही त्यांनी परसाची झाडलोट करायची, आणि झाडता झाडता मोळी तिथंच विसरून जायची. एका घरचे लोक कांदे विसरू लागले. नायक शाळेच्या पायरीवर बसून हे सगळं गंभीर चेहऱ्यानं बघायचा, आणि मी त्याच्याकडे बघितलं की दुसरीकडे बघायचा. मला आयुष्यात शाळेत जाताना इतकं छान कधी वाटलं नव्हतं. लेकरांची नावं मला विचारावी लागली नाहीत. घरोघरचे लोक लेकरांचे कपडे पिशवीत घालून आपणहून आणून देऊ लागले.

उंच मुलीची आई मात्र आली नाही. मी विचारायला गेले नाही. मागायची इतकी सवय असून तिची पोर मला मागता येईना. न्यायची की ठेवायची, हे तिचं तिनंच ठरवायला हवं होतं.

ट्रक आले त्या सकाळी तांड्यात एकच गडबड. गाठोडी चढत होती, कोंबड्या ओरडत होत्या, ड्रायव्हर घाई करत होता. राहणारी लेकरं शाळेच्या कुंपणाशी उभी होती, काही रडत होती, काही रडणाऱ्यांना हसत होती. शेवटी ती बाई आली. कडेवर धाकटा, मागं ती मुलगी, मुलीच्या हातात कपड्यांची पिशवी. तिनं मुलीला आधी खोलीत नेलं, कडी आतून लावून बघितली, काढून बघितली. मग मागच्या अंगाला चुलीपाशी नेलं. तिथं आजीची पाळी होती.

निघायच्या वेळी आया लेकरांना काय सांगतात ते मी वर्षानुवर्षं ऐकलंय. भांडू नको, त्रास देऊ नको, अभ्यास कर, बाईचं ऐक. त्या दिवशीही कुंपणापाशी तेच चाललं होतं. या बाईनं त्यातलं काहीच सांगितलं नाही. तिनं परातीतल्या पिठाकडे एकदा बघितलं, पोरीच्या केसांवरून हात फिरवला, आणि मला कळावं म्हणून की काय, वऱ्हाडीत म्हणाली, "भूक लागली का लाजू नको. दुसरी भाकर मागून खाजो."

ट्रक गेले. दुपारी पंगत बसली. तिनं पहिली भाकर खाली मान घालून संपवली, थोडा वेळ ताटाकडे बघितलं, आणि मग हात पुढं केला.